पाचशे ग्रॅम की सातशे: अक्काच्या रिव्हॉल्व्हरची केस

बायकोसाठी हलकं रिव्हॉल्व्हर कुठलं घ्यावं हे विचारायला माझ्याकडं येतात ते सगळे नवरेच. बायको स्वतः विचारायला आलीय असं अजून तरी झालेलं नाही. माझ्याकडं हत्याराचं लायसन्स आहे, नेमबाजीच्या क्लबात येणंजाणं आहे, म्हणून लोकं विचारतात आणि मी सांगतो. ही केस मात्र घरातलीच आहे, माझी थोरली बहीण अक्का आणि आमचे दाजी. त्यामुळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं समोर झालंय. दोघांना विचारूनच लिहितोय, नावं टाकत नाही.

अक्काचं वय पन्नाशीच्या पुढं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, यंत्रमागाचा. दाजी सूत आणि विक्री बघतात म्हणजे महिन्यातले बरेच दिवस इचलकरंजी, मुंबई, हैदराबाद असं फिरतीवर, आणि इकडं शेड, कामगार, हिशोब सगळं अक्काच्या अंगावर. राहायला जुळे सोलापूर. शेड बंद करून रात्री एकटी गाडी चालवत घरी येते. आठवड्याच्या पगाराच्या दिवशी पर्समध्ये कॅश असते हे एमआयडीसीत कुणालाही माहिती. एकदा दोघं जण मोटरसायकलवर मागं लागले, शेडच्या वळणावर गाडी आडवी घातली आणि काचेतून पर्सला हात घातला. अक्कानं हॉर्न दाबून धरला, शेजारच्या शेडमधली पोरं धावत आली, ते पळाले. पोलिसांत तक्रार दिली आणि तिची कॉपी नीट जपून ठेवली. ती तक्रार पुढं कामाला आली, ते सांगतो.

दाजींनी त्याच आठवड्यात मला फोन केला. "ते निर्भीक का काय आहे ना, लेडीज रिव्हॉल्व्हर, पाचशे ग्रॅमचं, ते बुक करायचंय, कुठं मिळतं सांग."

मी म्हणलं दाजी, आधी अक्काला विचारलंय का? तर म्हणे, तिला काय विचारायचं, तिला त्यातलं काय कळतंय.

आधी कायद्याचं

दाजींकडं आधीपासून लायसन्स आहे, कानपूरचं जुनं पॉइंट ३२ (म्हणजे बोअर, नळीचं भोक, साधारण ०.३२ इंच), मॉडेल मार्क थ्री. म्हणून त्यांचा दुसरा विचार असा की मी गावाला गेलो की माझंच तिच्याकडं देत जातो, नवीन घेईपर्यंत. हे बरेच लोक करतात आणि त्यांना वाटतं नवराबायको म्हणजे एकच घर, एकच लायसन्स. तसं अजिबात नाही. लायसन्स माणसाच्या नावावर असतं, घराच्या नाही. १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या तिसऱ्या कलमात एवढीच सूट आहे की लायसन्सवाला सोबत असेल किंवा त्यानं लेखी दिलं असेल तर दुसरा माणूस हत्यार नेऊ शकतो, आणि तेही दुरुस्तीला, रिन्यूअलला किंवा लायसन्सवाल्याच्या स्वतःच्या वापरासाठी. बायकोच्या स्वतःच्या संरक्षणासाठी त्यात काही नाही. म्हणजे दाजी हैदराबादला आणि त्यांचं रिव्हॉल्व्हर अक्काच्या पर्समध्ये, याचा अर्थ अक्काकडं विनापरवाना हत्यार, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे. चोरापासून वाचायला निघालेली बाई स्वतःच आरोपी व्हायची. दाजींना हे पटायला वेळ लागला, खरं तर वकिलानं सांगितल्यावरच पटलं, मेहुण्याचं कोण ऐकतंय.

वारसाचं वेगळं आहे. लायसन्सवाला वारला, किंवा तो सत्तरीला पोचला, किंवा हत्यार त्याच्याकडं २५ वर्षं झाली, तर वारसाच्या नावावर करायची सोय २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये आहे. दाजी अजून कशातच बसत नव्हते. म्हणून अक्काच्या नावावर नवीन लायसन्स हाच रस्ता.

सोलापूर शहरात लायसन्स देणारे पोलीस आयुक्त. ग्रामीण भागात राहणारा असेल तर जिल्हाधिकारी. फॉर्म ए-१, सोबत हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि हत्यार हाताळणीच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. कारण काय लिहायचं यावर दाजी दोन पानं भाषण लिहून आले होते, देशातली परिस्थिती वगैरे. ते सगळं काढलं. रूलमध्ये सरळ आहे, धंद्याच्या स्वरूपामुळं जिवाला किंवा मालमत्तेला संरक्षणाची खरी गरज असलेला माणूस. मग कारखान्याचे कागद, पगाराच्या कॅशची बँकेतली नोंद, रात्रीचा रस्ता आणि ती पोलीस तक्रार. एवढंच. व्हेरिफिकेशन होतं, शेजारीपाजारी विचारपूस होते, वेळ लागतो, तो धरूनच चाला.

हा वेळ लागला ते एका अर्थी बरंच झालं, कारण मधल्या काळात खरं काम झालं.

अक्काला विचारल्यावर

अक्का म्हणाली, "आरं पहिलं ते कॅशचं बंद करते की, निम्मी भीती तितंच जाईल." आणि तिनं केलं. बहुतेक कामगारांचे पगार खात्यावर टाकायला सुरू केले. काही जण कुरकुरले, जुन्या बायकांना एटीएमचं जमत नाही, त्यांचं अजून हातात देते पण रक्कम किरकोळ. शेडच्या वळणावर लाइट लावला. रात्री निघताना वॉचमन मेन रोडपर्यंत मागून मोटरसायकलवर येतो. माझं स्पष्ट मत, या तीन गोष्टींनी जेवढं झालं तेवढं कुठलंही रिव्हॉल्व्हर करणार नव्हतं, आणि हे मी हत्याराची आवड असलेला माणूस म्हणून सांगतोय.

तरीपण रिव्हॉल्व्हर पाहिजे का, तर म्हणाली पाहिजे. रात्री उशीर होतो, रस्ता तोच आहे, आणि ती माणसं अजून सापडलेली नाहीत. मग एक अट घातली तिनं, जी मला फार आवडली. "लायसन्स माझं, मग वस्तू मी बघून घेणार. हे जे आणतील ते कपाटात पडून राहतंय."

हलकं म्हणजे किती, आणि कशासाठी

आता मुद्द्याचं. हलक्या रिव्हॉल्व्हरचं हे वेड अमेरिकेतून आलंय. तिकडं नवरे बायकोला स्मिथ अँड वेसनचं ६४२ एअरवेट घेऊन देतात, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमचं, पाच राउंडचं, सव्वाचारशे ग्रॅमच्या आत. किंवा रुगरचं एलसीआर, तेही त्याहून थोडं हलकंच. लहान दिसतं, पर्समध्ये मावतं, म्हणून बाईचं. आणि मग पहिल्याच दिवशी रेंजवर बाई दोन राउंड मारते, हात झटकते आणि परत हात लावत नाही. तिकडच्या ट्रेनर लोकांचं हे जुनं दुखणं आहे. दाजींनी असे व्हिडिओ भरपूर बघितलेले आणि त्यातलं अर्धंच घेतलेलं, हलकं पाहिजे एवढंच.

इकडं ती रिव्हॉल्व्हरं मिळतच नाहीत हा भाग वेगळा. सामान्य माणसाला हत्यार आयात करायला कितीतरी वर्षं बंदी आहे, आणि पॉइंट ३८ किंवा नऊ एमएम हे आपल्याकडं प्रोहिबिटेड बोअर, साध्या लायसन्सवर येत नाही. साध्या लायसन्सवर नवीन रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुतेक पॉइंट ३२ नाहीतर पॉइंट २२. जुनी इम्पोर्टेड पॉइंट ३२ फिरत असतात बाजारात, किमती ऐकून हसू येतं, आणि त्यांचे पार्ट मिळत नाहीत, ती मी यादीतच घेतली नाहीत.

मग राहिलं काय.

निर्भीक. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीनं, म्हणजे सरकारी शस्त्र कारखान्यानं काढलं, दिल्लीच्या २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर बायकांसाठी म्हणून. टायटॅनियम अलॉय, पाचशे ग्रॅम, पॉइंट ३२, सहा राउंड. तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात. आणि मरून रंगाच्या दागिन्यांच्या पेटीत घालून द्यायचे, म्हणजे बाईला आवडेल म्हणून. अक्काला फोटो दाखवला तर म्हणाली, पेटी चांगली आहे, पाटल्या ठेवायला होईल.

मार्क थ्री, दाजींकडचं, तेही कानपूरचंच, स्टीलचं आणि सातशे ग्रॅमच्या आसपास.

निडर, ईशापूर रायफल फॅक्टरीचं, पॉइंट २२, आठ राउंड, फक्त अडीचशे ग्रॅम.

आणि प्रबळ, ऑगस्ट २०२३ मध्ये आलेलं. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड २०२१ च्या ऑक्टोबरात मोडून सात कंपन्या केल्या, त्यातल्या कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्सचं. पॉइंट ३२, रिकामं सातशे ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर. ५० मीटर रेंज म्हणून जाहिरात केली होती, त्याला माझ्या लेखी काही अर्थ नाही, अक्काचा प्रसंग गाडीच्या काचेइतक्या अंतरावर झालेला.

दाजींची यादी वजनानं लावलेली. निडर पहिलं, निर्भीक दुसरं, बाकीची जड म्हणून बाद. मी त्यांना दोन गणितं घालून दाखवली.

पहिलं धक्क्याचं. पॉइंट ३२ ची नेहमीची गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे साधारण ६.३५ ग्रॅम, ती अंदाजे सेकंदाला २१५ मीटरनं बाहेर पडते. गोळी जेवढ्या जोरानं पुढं, तेवढ्याच जोरानं रिव्हॉल्व्हर मागं, हे शाळेतलंच. पाचशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर मागं येतं सेकंदाला २.७ मीटरनं, सातशेचं दोन मीटरच्या जरा आत. ऊर्जेत बोलायचं तर पाचशेवाल्याचा धक्का सातशेवाल्याच्या दीडपटीला थोडा कमी, चाळीस टक्के जास्त. पण खरं सांगायचं तर तो धक्का मुळात मोठा नाहीच. अमेरिकेतल्या त्या एअरवेटमधून पॉइंट ३८ ची १५८ ग्रेनची गोळी मारली तर हेच गणित निर्भीकच्या तिपटीच्या वर जातं. म्हणजे तिकडच्या बायका हात झटकतात म्हणून इकडं निर्भीक वाईट, असं म्हणणं चूक आहे. पॉइंट ३२ चा धक्का अक्कासारखी बाई सहज सहन करते.

दुसरं गणित ट्रिगरचं आणि इथंच सगळं अडतं. डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे आधी घोडा (काडतुसाला ठोका देणारा मागचा हॅमर) मागं न ओढता थेट ट्रिगर दाबायचा तेव्हा, रिव्हॉल्व्हरला साधारण चार ते सहा किलोचा दाब लागतो. त्या एका दाबात सिलेंडर फिरतो, घोडा मागं जातो आणि सुटतो. आता बघा, वस्तू पाचशे ग्रॅमची आणि बोटानं ओढायचे पाच किलो, दहापट. वस्तू जेवढी हलकी तेवढी ती बोटाच्या ओढीनं हलणार, नळीचं तोंड खाली जाणार किंवा बाजूला सरकणार, आणि गोळी सुटायच्या आधीच नेम गेलेला असणार. निडरला तर अडीचशे ग्रॅम. शिवाय पॉइंट २२ हे रिमफायर, काडतुसाच्या कडेला ठोका बसावा लागतो, त्यामुळं स्प्रिंग फार हलकी ठेवून चालत नाही, आणि रिमफायर काडतूस मधूनच फुसकं निघायचं प्रमाण सेंटरफायरपेक्षा, म्हणजे पॉइंट ३२ सारख्या मधोमध ठोका बसणाऱ्या काडतुसापेक्षा, जास्त. रिव्हॉल्व्हरमध्ये परत ट्रिगर ओढला की पुढचं राउंड येतं हे खरं, पण परत ओढायला तेच बोट.

दाजी म्हणाले मग घोडा आधी मागं ओढून मारायचं, सिंगल अ‍ॅक्शन, तेव्हा हलका लागतो. लागतो. टार्गेटवर मी पण तसंच मारतो. घाबरलेल्या माणसाच्या हातात घोडा चढवलेलं रिव्हॉल्व्हर म्हणजे नको तेव्हा सुटणारी गोळी, आणि चढवलेला घोडा परत सावकाश उतरवायचा तर अंगठा आणि बोट दोन्ही शाबूत पाहिजेत. अक्काच्या उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो, हिवाळ्यात जास्त. ही गोष्ट दाजींच्या यादीत कुठंच नव्हती, तीस वर्षांच्या संसारात त्यांना माहिती नव्हतं असं नाही, पण रिव्हॉल्व्हर निवडताना अंगठा कोण बघतंय. मला विचाराल तर आधी अंगठाच बघायला पाहिजे.

काउंटरवर

लायसन्स मंजूर झाल्यावर दुकानात गेलो, तिघं. दुकानदार चांगला माणूस, ओळखीचा, पण सवयीनं तोही दाजींशीच बोलायला लागला. "मॅडमसाठी हलकं दाखवू का साहेब." अक्कानं हात पुढं केला, "माझ्याकडं द्या."

काय बघायचं ते आधी ठरवून गेलो होतो. रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं आहे हे तिनं स्वतः बघायचं, मी सांगितलं म्हणून नाही. मग मूठ धरून नळी मनगटाच्या रेषेत ठेवायची आणि बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर कुठं पडतंय ते बघायचं. नुसतं टोक लागत असेल तर मूठ मोठी, दुसरं पेर अडकत असेल तर लहान. मग भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एका तारखेवर नेम धरून सलग ट्रिगर ओढायचा, डमी काडतुसं घालून, आणि माझं काम फक्त पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, हलते का ते बघायचं.

निर्भीक हातात घेतल्यावर अक्काचा चेहरा खुलला, खोटं कशाला बोलू. किती हलकं आहे म्हणाली. पण ट्रिगर ओढताना माशी प्रत्येक वेळी डावीकडं खाली जात होती आणि शेवटी शेवटी तर ती दोन बोटं लावायला लागली. त्याहून मोठी अडचण उघडण्याची निघाली. निर्भीक काय किंवा मार्क थ्री काय, दोन्ही वेबली पद्धतीची, वरची कडी अंगठ्यानं दाबून नळी खाली मोडायची, मग मारलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर येतात. पद्धत सुंदर आहे, जुनी आहे, मला स्वतःला फार आवडते. अक्काच्या अंगठ्याला ती कडी जमेना. डाव्या हातानं जमली पण मग रिव्हॉल्व्हरचं तोंड फिरून दुकानदाराच्या पोटाकडं. रिकामं होतं तरी तो बिचारा बाजूला सरकला.

प्रबळमध्ये सिलेंडर बाजूला उघडतो, साइड स्विंग. कळ लहान आहे, अंगठ्याचा जोर कमी लागतो. मूठ तिच्या हाताला जरा भरीव, पण बोटाचं पेर बरोबर पडत होतं. माशी हलली, नाही असं नाही, पण तारखेच्या चौकोनात राहिली. दुकानदारानं अशनी पिस्तूलही पुढं केलं होतं, पॉइंट ३२ चंच, चपटं असल्यानं पर्सला बरं. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागं ओढताना अक्कानं "आई गं" म्हणलं आणि परत ठेवून दिलं. दाजींचं शेवटचं अस्त्र, "अगं पण हे दोनशे ग्रॅमनी जड आहे." अक्का म्हणाली, "अहो, माझ्या पर्समध्ये किल्ल्यांचा जुडगाच एवढा असंल."

राउंड सहा घातले की साठेक ग्रॅम वाढतात, म्हणजे पाऊण किलो धरा. प्रबळ घेतलं. हत्यार आयुक्तालयात दाखवून नंबर लायसन्सवर चढवला. काडतुसं किती घेता येतील तेही लायसन्सवरच लिहिलेलं असतं.

बाळगायचं कसं

वजनाचा खरा प्रश्न इथं येतो, मारताना नाही. दिवसभर अंगावर पाऊण किलो वागवायचं आणि तेही सोलापूरच्या उन्हात, एप्रिल-मे मध्ये घामानं कंबरेला काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. हलक्या रिव्हॉल्व्हरचा जो काही फायदा आहे तो एवढाच आणि तो खरा आहे, ज्याला रोज बारा तास अंगावर ठेवायचंय त्यानं पाचशे ग्रॅमचा विचार जरूर करावा, फक्त ट्रिगर झेपतो का बघून.

अक्का साडी नेसते, कारखान्यात कधी पंजाबी ड्रेस. साडीला बेल्ट-होल्स्टर हे व्हिडिओतल्या लोकांनी सांगू नये. पर्समध्ये टाकायचं तर ज्या पर्सला चोरानं हात घातला तिच्यातच हत्यार ठेवायचं असं होतं, पर्स गेली की ते पण त्याच्या हातात. म्हणून नवी पेठेतल्या बॅगवाल्याकडून आडवी घालायची बॅग शिवून घेतली, पट्टा जाड, आणि पाठीच्या बाजूला वेगळा कप्पा, त्यात रिव्हॉल्व्हरचं घट्ट चामडी कव्हर, ट्रिगर पूर्ण झाकणारं. त्या कप्प्यात दुसरं काही नाही, किल्ली नाही, लिपस्टिक नाही, रुमाल नाही. पैशाची पर्स निराळी, आणि ती कुणी मागितली तर देऊन टाकायची. हे तिच्याकडून कबूल करून घेतलं. पैशासाठी गोळी नाही. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे, जुन्या आयपीसीतलं ९६ ते १०६, आणि समोरच्याचा जीव जाईपर्यंतचा हक्क फार थोड्या प्रसंगात मिळतो, जीव जायची किंवा गंभीर दुखापतीची, बलात्काराची, पळवून न्यायची खरी भीती, असे. तेही नंतर कोर्टात पटवून द्यावं लागतं. वकिलाकडं बसून तिनं हे सगळं समजून घेतलं, दाजी त्या वेळी फोनवर सुताचा भाव विचारत होते.

आणि कुठं न्यायचं नाही याची यादी न्यायच्या यादीपेक्षा लांब निघाली. लायसन्सच्या अटीतच आहे, जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा आणि शाळा-कॉलेजच्या आवारात हत्यार नाही. म्हणजे जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला जायचं तर घरी ठेवून, आषाढीला पंढरपूर तसंच, नातवाला शाळेतून आणायला जाताना तसंच. गाडीच्या डिकीत ठेवून आत जाऊ का, तर ते अजून वाईट. मग ज्या दिवशी नातवाला आणायचंय त्या दिवशी ते घरच्या लॉकरमधून निघतच नाही, असा सरळ नियम केला.

सोलापूरकरांसाठी एक खास भानगड आहे. अक्काचं लायसन्स महाराष्ट्रापुरतं. आपण विजापूर रोडनं निघालो, टाकळीला भीमा ओलांडली की धूळखेड, म्हणजे कर्नाटक. गाणगापूर कर्नाटकात. दाजींचे निम्मे पाहुणे कलबुर्गीला. इथल्या माणसाला हद्द ओलांडली हे जाणवतसुद्धा नाही, पाटीवरची भाषा बदलते तेवढंच. पण पुलापलीकडं ते लायसन्स चालत नाही, तिकडं पकडलं तर गुन्हाच. अक्का दर पौर्णिमेला गाणगापूरला जाणारी, त्यामुळं पौर्णिमेला लॉकर. निवडणुका लागल्या की आचारसंहितेत जमा करायची नोटीस येऊ शकते, २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या तेव्हा दाजींनी दोनदा जमा करून दोनदा आणलं होतं. तेवढे आठवडे रस्ता तोच, रात्र तीच, आणि बॅगेत काही नाही. तेव्हा उपयोगी पडतात तो लाइट आणि वॉचमन.

लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याबद्दल एका भाच्यानं हौस दाखवली होती. त्याला अक्कानंच झापलं. त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

सध्याची स्थिती

सराव चालू आहे. घरी डमी काडतुसं घालून ट्रिगर ओढणं, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून. क्लबात एअर पिस्तुलावर नेम, आणि खरी गोळी अधूनमधून, कारण काडतूस स्वस्त नाही. अंतर पाच-सात मीटर, त्यापलीकडचा सराव मी घेतच नाही. सुरुवातीला तिच्या गोळ्या खाली पडायच्या, ट्रिगर झटक्यानं ओढायची. आता सावकाश, एकसारखा ओढते. तिच्या गोळ्यांचा घोळका दाजींच्यापेक्षा लहान येतो, हे दाजींना मान्य नाही, ते म्हणतात त्यांचं रिव्हॉल्व्हर जुनं झालंय.

रोज बाळगत नाही ती. उशिरा थांबायचं असेल त्या दिवशीच बॅग बदलते, बाकी दिवस लॉकर. लॉकरची किल्ली तिच्याकडंच. दाजींनी दुसरी किल्ली मागितली होती, त्यांना सांगितलं तुमच्या रिव्हॉल्व्हरला तुमचा लॉकर आहे की.

लायसन्स पाच वर्षांचं. अंगठ्याचं दुखणं कमी होणारं नाही, डॉक्टरनं तसं सांगितलंय. त्यामुळं रिन्यूअलच्या आधी परत दुकानात जाऊन तीच ट्रिगरची परीक्षा घ्यायची ठरलंय, आणि त्यात माशी चौकोनाबाहेर जायला लागली तर विकून टाकायचं, असं अक्का आत्ताच म्हणतेय. दाजी म्हणतात तेव्हा निर्भीक बघू.